ताप एक, नावं चार

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आमचं गाव साक्री तालुक्यात आहे. पोळा झाला आणि माझ्या दिरांना (वय ३४) थंडी वाजून ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, विडाल तपासून टायफॉइड सांगितला. सहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पेशी (प्लेटलेट) ४२ हजारांवर आल्या. तालुक्याला डेंग्यूच्या दोन तपासण्या केल्या, एक निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह. डेंग्यूच आहे, पेशींच्या पिशव्या लागतील, असं सांगितलं. आम्ही घाबरून धुळ्याला नेलं. तिथले डॉक्टर विचारू लागले, घरी बकऱ्या आहेत का, गोचीड हाताने काढता का, कुठे बोकड कापलं का. सिस्टर मास्क, हातमोजे घालूनच जवळ यायच्या. मग काखेत एक काळी खपली सापडली आणि स्क्रब टायफस सांगितला. गोळ्या सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. दीर आता घरी आहेत. पण सासरे म्हणतात, आधीच्या दोघांनी आपल्याला फसवलं. गावात कोणीतरी काँगो ताप म्हणून पसरवलं, मोबाईलवर इबोलाचे व्हिडिओ फिरतात, आमच्याकडचं दूध कोणी घेत नाही. खरा ताप कोणता होता? पुन्हा कोणाला असं झालं तर आम्ही ओळखायचं कसं? आणि बकऱ्या विकून टाकाव्यात का?
– एक भगिनी, ता. साक्री, जि. धुळे

उत्तर :

ताई, नमस्कार.

गावाने तुमच्या घराकडे पाठ फिरवली आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू. तुमच्या दिरांना झाला तो स्क्रब टायफस. काखेतली काळी खपली आणि औषध सुरू झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत उतरलेला ताप, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात फारशी शंका राहत नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. दुधातून होत नाही, भांड्यातून होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. गवता-झुडपात माइट नावाचा बारीक किडा असतो. त्याचं डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं पिल्लू चावलं की ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू अंगात शिरतो. हे किडे उंदरांच्या अंगावर पोसतात आणि पावसाळ्यात व त्यानंतर बांधावर गवत माजलं की वाढतात. पोळ्यानंतर आपल्याकडे बांधावरचं गवत कापायची घाई असते, तेव्हाच ही लागण होते. दूध बंद केलेल्या शेजाऱ्यांना एवढा परिच्छेद वाचून दाखवा. गावच्या आशाताईंना सोबत घेतलंत तर आणखी बरं.

आता सासऱ्यांच्या रागाकडे येते. चार ठिकाणी चार नावं ऐकली की माणूस चिडणारच. पण हे ताप सुरुवातीला खरोखरच एकसारखे दिसतात. आपल्या कपाशीचं पान लाल पडतं तेव्हा त्याला आपण लाल्या म्हणतो, पण नुसतं लाल पान बघून कोणी जाणता शेतकरी फवारणी करत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं, तुडतुड्यांनी रस शोषला, रात्री गारठा वाढला किंवा मुळाशी पाणी साचलं, तरी पान लालच पडतं. तो पान उलटं करून बघतो, जमीन बघतो, पाऊस कधी झाला ते आठवतो. तापासोबत रक्त येणं हे तसंच लाल पान आहे.

आत काय घडतं ते सांगते. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर पडतं आणि उरलेलं रक्त दाटतं. पेशीही घटतात, कारण त्या अस्थिमज्जेत कमी तयार होतात आणि शरीर असलेल्याही मोडतं. स्क्रब टायफसमध्ये जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातच घर करतो आणि तिथे दाह होतो. काँगो तापात विषाणू रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि यकृत दोन्ही बिघडवतो, रक्त गोठवणारे घटक संपत जातात आणि सुई टोचलेल्या जागीही मोठे काळेनिळे डाग उठतात. लेप्टोत, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये, मूत्रपिंड आणि यकृत सापडतं. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारातही पेशी घसरतात. कारणं इतकी वेगळी असूनही पहिले चार-पाच दिवस रुग्ण सगळ्यांत तेच सांगतो : कडक ताप, डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय, उलट्या होतायत. निव्वळ एवढ्यावरून बरोबर नाव सांगणं कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही, मलाही नाही.

एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह तपासणीचं कोडं त्यामानाने सोपं आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं. तपासणी तापाच्या कितव्या दिवशी केली, हे कळल्याशिवाय तिच्या उत्तराला अर्थ नसतो. डेंग्यूची एनएस-१ तपासणी विषाणूचा अंश शोधते. तो अंश पहिल्या पाच दिवसांत चांगला सापडतो, मग विरत जातो. तुमच्या दिरांची एनएस-१ सहाव्या दिवशी झाली, म्हणून ती निगेटिव्ह आली यावरून डेंग्यू नव्हता असं ठरत नाही. दुसरी, आयजीएम, शरीराने तयार केलेलं उत्तर शोधते. ते साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतं, पण नंतर दोन-तीन महिने रक्तात राहू शकतं. म्हणजे आषाढात कळत-नकळत डेंग्यू होऊन गेला असेल तर भाद्रपदातल्या भलत्याच तापात ही तपासणी पॉझिटिव्ह येईल. शिवाय पटकन निकाल देणाऱ्या कार्डावर कधी दुसऱ्या आजारातही खोटी रेघ उमटते. म्हणून कार्डावर शंका आली तर सरकारी प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने खात्री करतात. स्क्रब टायफस आणि लेप्टोच्या आयजीएम तपासण्याही पहिल्या काही दिवसांत निगेटिव्हच येण्याची शक्यता जास्त.

विडालबद्दल मात्र मला कडक बोलावं लागतं. तापाच्या प्रत्येक माणसाची विडाल करायची आणि टायफॉइडचं औषध सुरू करायचं, ही सवय खानदेशातच काय, सगळ्या महाराष्ट्रात खोल रुजली आहे. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या रक्तात जुन्या संसर्गामुळे विडाल थोडीफार पॉझिटिव्ह असतेच. टायफॉइडची खरी खात्री अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याने होते. एका विडालवर विसंबून पाच दिवस गेले, तर त्या पाच दिवसांत स्क्रब टायफस फुफ्फुसात आणि मेंदूत पोचू शकतो.

मग तुमच्या दिरांना कोणी फसवलं का? माझं मत असं की फसवणूक नव्हे, पण पहिल्या दोन ठिकाणी दोन कामं राहून गेली. रुग्णाचे कपडे बाजूला करून काख, जांघ, कमरेचा पट्टा, बायकांच्या बाबतीत स्तनांखालची जागा कोणी नीट पाहिली नाही. खपली दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला स्वतःला तिचा पत्ता नसतो. विडीचा चटका बसल्यासारखा काळा ठिपका, भोवती लालसर कडा, एवढंच. सगळ्यांच्या अंगावर ती येत नाही, पण आली असेल तर तपासणीच्या कागदाची वाट न पाहता त्याच दिवशी औषध सुरू करता येतं. दुसरं राहिलेलं काम म्हणजे तापाआधीच्या दोन आठवड्यांची चौकशी. धुळ्याच्या डॉक्टरांनी ती दोन्ही कामं केली आणि माणूस वाचला.

पेशींच्या पिशव्यांबद्दलही मनात सल ठेवू नका. निरोगी माणसाच्या रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, म्हणून ४२ हजार हा आकडा ऐकून घर हादरतं. पण हिरड्यांतून थोडं रक्त आणि ४२ हजार पेशी एवढ्यावर पिशवीची सहसा गरज पडत नाही. पेशी दहा हजारांच्या खाली गेल्या किंवा मोठा रक्तस्राव सुरू झाला, तर तो विचार येतो. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट यांच्यामागे गाव धावतं आणि रुग्णाने किती लघवी केली हे विचारायचं राहून जातं. डेंग्यूत मला पेशींपेक्षा हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती याचा, आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण रक्त दाटत चाललंय की नाही ते तो सांगतो.

धुळ्याला बकऱ्या, गोचीड आणि बोकडाची चौकशी झाली आणि त्यातूनच गावात अफवा उठली, म्हणून तो भाग सविस्तर लिहिते. डॉक्टरांच्या डोक्यात तेव्हा क्रिमियन काँगो ताप होता, आणि असायलाच हवा होता. हा आजार पहिल्यांदा १९४४ मध्ये क्रिमियात नोंदला गेला. पुढे १९५६ मध्ये काँगोतल्या एका रुग्णात सापडलेला विषाणू तोच निघाला, म्हणून जोडनाव. हायलोमा जातीचे गोचीड तो पसरवतात. गाय, बकरी, मेंढी यांच्या अंगात विषाणू काही दिवस राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही, ही त्यातली अवघड गोष्ट. माणसाला तो गोचीड चावल्याने, गोचीड बोटांत चिरडल्याने, किंवा जनावर कापताना ताज्या रक्ताशी संबंध आल्याने होतो. आणि स्क्रब टायफसच्या अगदी उलट, हा रुग्णाच्या रक्तातून, उलटीतून सांभाळणाऱ्यांना होतो. भारतात तो प्रथम निश्चित झाला जानेवारी २०११ मध्ये, गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंदजवळ. त्या रुग्ण महिलेवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही त्याच तापाने गेले. लागण झालेल्यांपैकी शंभरात दहा ते चाळीस माणसं दगावतात. गुजरातची हद्द साक्री, नवापूरला खेटून आहे आणि गुरं-बकऱ्यांचे बाजार हद्द मानत नाहीत. बकऱ्या पाळणारा माणूस ताप आणि रक्त घेऊन दारात आला, तर नाव ठरण्याआधीच हातमोजे घालणारी सिस्टर आपलं काम चोख करत असते. तिने हातमोजे घातले याचा अर्थ दिरांना काँगो ताप होता असा नव्हे.

खरा संशय असता तर रक्ताचा नमुना जिल्हा आरोग्य यंत्रणेमार्फत, खास बंदोबस्ताने, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेला असता. असे घातक विषाणू हाताळण्याची सर्वांत सुरक्षित दर्जाची प्रयोगशाळा तिथे आहे. साध्या पॅथॉलॉजीत ही तपासणी होत नाही. तेव्हा अमक्याला काँगो निघाला असं कोणी म्हणालं, तर पुण्याचा अहवाल आला आहे का, हा एकच प्रश्न विचारा.

इबोलाचा तुमच्या गावाशी काहीही संबंध नाही. तो वेगळ्याच कुळातला विषाणू आहे, १९७६ मध्ये आजच्या काँगो देशातल्या इबोला नदीच्या परिसरात सापडलेला. तो वटवाघळांकडून येत असावा असं मानतात. गोचिडाशी त्याचं नातं नाही. पण निदानाच्या बाबतीत इबोलाने जगाला एक धडा दिला तो सांगण्यासारखा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत साथीचा पहिला रुग्ण, एक लहान मूल, डिसेंबर २०१३ मध्ये दगावलं. आजाराचं नाव कळलं मार्च २०१४ मध्ये. मधल्या काळात कॉलरा असेल, लासा ताप असेल, असे अंदाज होत राहिले, कारण त्या मुलखात ताप आणि उलट्या-जुलाब नेहमीचेच. नेहमीच्या आजारांच्या गर्दीत वेगळा आजार कसा लपतो ते यावरून दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात ही गर्दी डेंग्यूची असते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत घरोघरी टाक्या, पिंप, रांजण भरलेले असतात, त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि मग प्रत्येक ताप डेंग्यूच वाटायला लागतो.

तुम्ही विचारता, ओळखायचं कसं. ताई, घरी नाव ओळखायचा प्रयत्नच करू नका. तुमच्या हातात त्याहून मोलाची गोष्ट आहे. डॉक्टरांना जे पाच मिनिटांत विचारणं जमत नाही, ते तुम्ही कागदावर लिहून नेऊ शकता. ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी चढला. त्याआधीच्या दोन आठवड्यांत माणूस कुठे होता. बांधावरचं गवत कापलं का, गवतावर आडवा झाला का, गोठ्यात गोचीड काढले का, लग्नाला किंवा नवसाला बोकड कापलं का, साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरला का. शेवटच्या प्रश्नावरून लेप्टोचा विचार सुरू होतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून तो आजार देतं. त्यात पोटऱ्या अतिशय दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ होते. माणूस सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे राहून आला असेल तर मलेरिया आधी तपासायचा. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत गेला असेल तर तेही सांगायचं. कोकणात, सिंधुदुर्गाकडे काजूच्या बागांत काम केलं असेल तर माकडताप आठवावा लागतो. हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा उघड झाला आणि आता सिंधुदुर्गातही आढळतो. साक्रीत बसून तो होणार नाही, पण परतलेल्या मजुराला होऊ शकतो. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या. दोन डोस अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल तर कल्चरचं उत्तर बदलतं.

तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या, ती फुकट आहे. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. कमरेत वेदनाशामक सुई तर नकोच, कारण पेशी कमी असताना त्या जागी आत रक्त साकळतं. गावात सुईशिवाय समाधान होत नाही हे मी जाणते, तरी हात जोडून सांगते, नको म्हणा.

आणि एक गोष्ट फार घरांना माहीत नसते. डेंग्यूत सर्वांत धोक्याची वेळ ताप उतरताना येते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत रक्तातलं पाणी झिरपून रक्तदाब कोसळतो. ताप उतरूनही माणूस चांगला वाटण्याऐवजी गळून गेला, पोटात सारखं दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, सहा तास लघवी झाली नाही, शौचाला काळी झाली, कुठूनही रक्त आलं, श्वास लागला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर रात्र आहे, पाऊस आहे, उद्या नेऊ, असं म्हणू नका. १०८ ला फोन करा. ही लक्षणं यातल्या कोणत्याही तापात तितकीच गंभीर आहेत, मग नाव काहीही निघो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासणीचे कागद यायच्या आधी गोळ्या का सुरू केल्या, असं सासऱ्यांनी विचारलं तर सांगा : मलेरिया, स्क्रब टायफस आणि लेप्टो या तिघांना नेमकं औषध आहे आणि ते स्वस्त आहे. डेंग्यूला नेमकं औषध नाही, तिथे पाण्याचा तोल सांभाळणं हाच उपचार. काँगो तापात रिबाव्हिरिन हे विषाणूवरचं औषध वापरतात, तरी मुख्य भर आधाराच्या उपचारावरच असतो. तेव्हा संशय आला की औषध असलेल्या आजारांना आधी धरायचं, हा शहाणपणाचा निर्णय आहे. मात्र स्क्रबसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदर बाईला ती चालत नाही, तिच्यासाठी वेगळं औषध असतं. आणि बऱ्या झालेल्या माणसाच्याही पेशी दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाल्या नाहीत, तर रक्ताच्या दुसऱ्या आजारांसाठी तपासावं लागतं. म्हणून दिरांचं रक्त एकदा पुन्हा तपासून घ्या.

बकऱ्या विकू नका. दिरांचा ताप बकऱ्यांनी दिला नाही, बांधावरच्या गवताने दिला. गवत कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजम्याचे पाय मोज्यात खोचलेले, आणि घरी आल्यावर लगेच साबणाने आंघोळ व कपडे गरम पाण्यात, एवढं करा. कापलेल्या गवतावर उघड्या अंगाने झोपायचं नाही. गोठ्याभोवतीचं तण काढा, उंदरांची बिळं बुजवा. बकऱ्यांच्या गोचिडांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणून ठरलेल्या दिवशी सगळ्या बकऱ्यांना एकदम लावा, नाहीतर एकीवरचे दुसरीवर जातात. हाताने काढायचेच झाले तर हातमोजे घालून, चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका. नखाने चिरडायची जुनी सवय मात्र आजपासून बंद, मुलांनाही तसं बजावा. दूध उकळून प्या, मटण नीट शिजवून खा, त्यातून यातला कोणताही ताप येत नाही.